रिकाम्या जागा भरा (प्रत्येकी एक गुण)

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला मावसबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. मजकूर काहीच नाही, नुसता स्क्रीनशॉट. जीआरईचा सराव-प्रश्न होता. एक लांबलचक वाक्य, त्यात तीन रिकाम्या जागा, प्रत्येक जागेला तीन-तीन पर्याय. पाठोपाठ तिचा व्हॉइस मेसेज: "दादा, या नऊ शब्दांतले आठ मला पाठ आहेत. आठ! तरी चुकलं. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. आता मी काय करू?"

मी काय उत्तर देणार? सहा वर्षांपूर्वी मीही इथेच उभा होतो. मोबाईलवर फ्लॅशकार्डं, बसमध्ये फ्लॅशकार्डं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ऑसिलोस्कोपच्या मागे लपवलेली फ्लॅशकार्डं. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकं बोलणारा, 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी. एवढं करून पहिल्या वेळी व्हर्बलमध्ये १४३ पडले. या परीक्षेत कमीत कमी १३० असतात आणि जास्तीत जास्त १७०. म्हणजे नुसतं खुर्चीत जाऊन बसण्याचे १३० वजा केले तर माझी कमाई १३. गणितात चांगले पडले होते, म्हणून घरी कोणाला फारसं कळलं नाही. मला कळलं होतं.

तेव्हा मला वाटलं की आपलं इंग्रजी कच्चं. सातवीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सेमी-इंग्रजी, त्यामुळे हे स्पष्टीकरण हाताशी तयारच होतं. पण बहिणीचं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीत झालंय, तिला नऊतले आठ शब्द येतात आणि तीही चुकते. म्हणजे अडचण शब्दांच्या अलीकडे कुठेतरी आहे. ती कुठे आहे हे शोधताना मी या 'रिकाम्या जागा भरा' नावाच्या प्रकाराच्या मागे लागलो, आणि जवळजवळ सव्वाशे वर्षं मागे गेलो.

आधी आपल्या ओळखीच्या रिकाम्या जागा बघू. 'शिवाजी महाराजांचा जन्म ____ किल्ल्यावर झाला.' हे वाक्य कितीही वेळा वाचा, वाक्यात उत्तर नाही. शिवनेरी माहीत असेल तर लिहाल, नसेल तर शेजारच्याच्या पेपरात बघाल. ही आठवणीची जागा. शाळेची दहा वर्षं आपण हीच भरत आलो.

आता हे वाक्य बघा: 'एरवी ____ असलेले आजोबा त्या दिवशी तासभर बोलत राहिले.' इथे काहीही पाठ असायची गरज नाही. 'एरवी' या एका शब्दाने सांगून टाकलंय की आजोबांचा स्वभाव त्या दिवसाच्या उलट आहे. मितभाषी, अबोल, घुमे, काहीही चालेल. 'गप्पिष्ट' चालणार नाही. उत्तर वाक्यातच आहे, फक्त ते शब्दाच्या रूपात लिहिलेलं नाही. ही अर्थाची जागा.

कागदावर दोन्ही जागा सारख्याच दिसतात: एक आडवी रेघ. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींचा अभ्यास एकाच माणसाने केला. हेरमान एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. १८८५ साली त्याने स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने निरर्थक अक्षरगट तयार केले, ते स्वतःच पाठ केले आणि किती वेळाने किती विसरतो हे मोजलं. विसरण्याचा जो प्रसिद्ध आलेख आहे, तो याचाच. फ्लॅशकार्डांची आजची अ‍ॅपं 'हा शब्द तुला चार दिवसांनी पुन्हा दाखवतो' म्हणतात, त्यामागचा मूळपुरुष तो. अर्थ मुद्दाम बाजूला काढून निव्वळ पाठांतर मोजायचं, अशी त्याची युक्ती होती.

पुढे तो ब्रेस्लाउ शहरात प्राध्यापक झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. तिथल्या शाळा-प्रशासनाला एक साधा प्रश्न पडला होता: सकाळी सलग पाच तास शाळा भरते, त्याने मुलं थकतात का? थकवा मोजायचा कसा? एबिंगहाउसने मुलांना आकडे लक्षात ठेवायला दिले, बेरजा-गुणाकार करायला दिले, आणि तिसरी एक नवीनच चाचणी दिली. एका उताऱ्यातले काही शब्द आणि अक्षरं गाळली आणि मुलांना पाच मिनिटांत त्या जागा भरायला सांगितल्या. याचा निष्कर्ष १८९७ साली छापला गेला.

थकव्याबद्दल फार ठोस काही हाती लागलं नाही. पण दुसरंच काहीतरी लागलं. शाळेत हुशार, मध्यम आणि कच्ची म्हणून ओळखली जाणारी मुलं या गाळलेल्या उताऱ्यात जितकी स्पष्ट वेगळी पडली, तितकी आकडे लक्षात ठेवण्यात पडली नाहीत. ज्या माणसाने आयुष्याचा मोठा काळ स्मरणशक्ती मोजण्यात घालवला, त्याने सांगितलं की बुद्धीचं काम म्हणजे साठवणं नव्हे, सुट्या तुकड्यांतून जुळणारं एक अखंड काहीतरी उभं करणं. पद्धतीला त्याने नावही तसंच दिलं: जोडणीची पद्धत. पुढे १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली, तेव्हा वाक्यातला गाळलेला शब्द भरण्याचा प्रश्न त्यांनी एबिंगहाउसकडूनच उचलला.

इथे जरा आडवाटेला जातो. १८९७ याच वर्षी मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये, 'तर्कसंग्रह' छापला गेला. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला हा छोटासा ग्रंथ, न्यायशास्त्र शिकणाऱ्याचं पहिलं पुस्तक. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपा, महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना आणि इंग्रजी भाषांतर. एबिंगहाउसला याची आणि यांना एबिंगहाउसची खबर असण्याचं काही कारण नाही. पण वाक्याचा अर्थ लागतो कसा, याचं जे उत्तर त्या ग्रंथात आहे ते मला जीआरईच्या कुठल्याही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

तीन गोष्टी लागतात म्हणे: आकांक्षा, योग्यता, संनिधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची वाटणारी गरज. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असं नुसतं म्हटलं तर चार शब्द झाले, वाक्य झालं नाही, कारण कुणाला कुणाची गरजच नाही. योग्यता म्हणजे अर्थाचा मेळ. 'विस्तवाने शिंपतो' हे व्याकरणात अचूक बसतं, पण विस्तवाने काही शिंपता येत नाही. आणि संनिधी म्हणजे जवळीक. 'गाय' हा शब्द आत्ता उच्चारला आणि 'आण' एका प्रहराने, तर ऐकणाऱ्याने काय आणायचं?

आता रिकाम्या जागेकडे या नजरेने बघा. रेघ म्हणजे उघडी पडलेली आकांक्षा. शेजारचे शब्द काय मागतायत ते आधी ऐकायचं. मग आलेल्या उमेदवारांची योग्यता तपासायची. आपण नेमकं उलट करतो. पर्याय आधी वाचतो, त्यात ओळखीचा चेहरा दिसला की त्याला वाक्यात ढकलतो, आणि मग वाक्याला विचारतो, "चालेल ना रे?" वाक्य बिचारं बहुतेक वेळा हो म्हणतं.

परत इतिहासाकडे. एबिंगहाउसच्या चाचणीत पर्याय नव्हते. मुलाने मनाने शब्द लिहायचा. अमेरिकेत मेरियन ट्रॅब्यू याने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये हीच कल्पना शाळांसाठी पक्की केली. १९१६ मध्ये त्याच्या वाक्यपूर्तीच्या मोजपट्ट्या प्रसिद्ध झाल्या. सोप्या वाक्यापासून अवघड वाक्यापर्यंत चढत जाणाऱ्या. पण यात एक कटकट होती. आजोबांच्या वाक्यात एकाने 'मितभाषी' लिहिलं, दुसऱ्याने 'शांत', तिसऱ्याने 'आजारी'. कोणाला पूर्ण गुण, कोणाला अर्धे? 'आजारी'सुद्धा अगदीच चूक नाही. म्हणजे प्रत्येक पेपर समजून तपासणारा माणूस हवा, आणि दोन तपासनीसांचं एकमत होईलच असं नाही.

याच सुमारास कॅन्सासमध्ये फ्रेडरिक केली यांनी वाचनाची अशी चाचणी बनवली की उत्तर एकच असावं आणि तपासणाऱ्याला डोकं चालवावं लागू नये. बहुपर्यायी प्रश्नांच्या उगमाशी त्यांचं नाव जोडलं जातं ते यामुळे. मग पहिलं महायुद्ध आलं आणि अमेरिकन सैन्याने सुमारे सतरा लाख जवानांची बुद्धी एकगठ्ठा मोजायचं ठरवलं. इतके पेपर समजून तपासणं अशक्यच. साच्यात बसणारी उत्तरं ही तेव्हापासून गरज झाली. १९३८ मध्ये आयबीएमने ८०५ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याची कल्पना मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तरांची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, म्हणून काळ्या केलेल्या खुणेतून प्रवाह जातो, आणि यंत्र गुण मोजतं. (याच जॉन्सन यांच्या देखरेखीखाली पुढे आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बनवली. मास्तर साधे नव्हते.) यंत्राला शब्द वाचता येत नव्हता, फक्त काळा ठिपका कळत होता. एबिंगहाउसच्या मोकळ्या रेघेखाली पाच पर्याय येऊन बसले ते मुख्यतः तपासणीच्या सोयीसाठी.

सैन्याच्या त्या चाचण्यांवर मला जरा थांबायचंय, कारण आपल्याला भोवणारी गोष्ट तिथे घडली.

इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठीच्या चाचणीचं नाव आर्मी अल्फा. तिच्यात एक विभाग नुसत्या माहितीचा. त्यातला एक नमुना बराच बदनाम आहे: 'क्रिस्को' म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात ते वनस्पती तुपासारखं मिळायचं, म्हणून तिथे वाढलेल्याला येणार. इटलीहून किंवा पोलंडहून चार वर्षांपूर्वी बोटीने आलेल्याला कुठून येणार? ही शुद्ध आठवणीची जागा, पण तिच्यावर पाटी मात्र 'बुद्धी'ची.

प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम याने या सगळ्या आकड्यांवरून १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याला आकड्यांत एक स्पष्ट गोष्ट दिसली होती: परदेशात जन्मलेल्या जवानांमध्ये ज्यांना अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली होती त्यांचे गुण जवळपास तिथे जन्मलेल्यांइतके होते, आणि पाच वर्षांच्या आत आलेल्यांचे सर्वांत कमी. आता मी तुम्हाला जीआरईसारखा प्रश्न घालतो.

'जितकी जास्त वर्षं अमेरिकेत, तितके जास्त गुण. यावरून असं दिसतं की ही चाचणी ____ मोजते.' पर्याय: (अ) जन्मजात बुद्धी (ब) अमेरिकेशी झालेला परिचय.

कुणीही 'ब' लिहील. ब्रिगमने 'अ' लिहिलं. त्यासाठी त्याने वाक्य वाकवलं: पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते, आता येणारे हलक्या वंशाचे, म्हणून नव्यांना कमी गुण. उत्तर आधी ठरलेलं होतं, योग्यता नंतर जुळवली. १९२४ मध्ये अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लावला, तो याच वातावरणात. आपल्याकडच्या लोकांसाठी तर १९१७च्या कायद्यानेच दार लागलं होतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ मध्ये.

याच ब्रिगमच्या नेतृत्वाखाली एसएटी ही परीक्षा तयार झाली. २३ जून १९२६ रोजी ती पहिल्यांदा झाली, तेव्हा ८,०४० विद्यार्थी बसले होते. पण ब्रिगमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३० मध्ये त्याने स्वतः लेख लिहून मान्य केलं की वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची अशी तुलना या चाचण्यांवरून करता येत नाही आणि आपला आधीचा अभ्यास निराधार होता. पुस्तक लिहून नाव मिळवलेल्या माणसाने सात वर्षांत तेच पुस्तक मोडीत काढलं. आपल्याकडे किंवा त्यांच्याकडे, असं करणारे किती सापडतील? अर्थात तोवर कायदा होऊन गेला होता.

जीआरईचा जन्म या नंतरचा. कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांना घेऊन १९३६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पुढच्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनी पहिली परीक्षा दिली. १९४८ पासून ती ईटीएस या संस्थेकडे गेली. वाक्यपूर्ती, विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्यांतलं साम्य आणि उताऱ्यावरचे प्रश्न, असा व्हर्बलचा साचा बनला आणि अनेक वर्षं टिकला.

यातले विरुद्धार्थी शब्द आणि साम्याचे प्रश्न म्हणजे घोकणाऱ्यांचं नंदनवन. आजूबाजूला वाक्यच नाही, त्यामुळे शब्द माहीत असला तर आला, नाहीतर गेला. एसएटीमध्ये एक प्रश्न होता: धावपटू आणि मॅरेथॉन यांचं जे नातं, तेच वल्हवणारा आणि 'रिगाटा' यांचं. रिगाटा म्हणजे नौकांची शर्यत. ज्यांच्या घरी असल्या क्लबांत येणं-जाणं आहे त्यांच्यासाठी हा तर्काचा प्रश्न, बाकीच्यांसाठी क्रिस्कोच. हा प्रश्न पुढे टीकाकारांच्या हातातलं ठरलेलं उदाहरण झाला.

मग घोकंपट्टीचा धंदा उभा राहिला. शब्दांच्या याद्या, त्यातही 'हमखास येणारे शब्द', बॅरन्सची जाडजूड पुस्तकं. आपल्याकडे सीनिअर कॉलेज सोडताना ज्युनिअरला ते पुस्तक देऊन जायचा. आमच्या हॉस्टेलवरच्या प्रतीत चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत मराठी अर्थ लिहिलेले होते. पण नुसत्या शब्दांवर थांबतील ते लोक कसले. १९९०च्या दशकात जीआरई कॉम्प्युटरवर आली. प्रश्नांचा साठा मर्यादित, आणि परीक्षा वर्षभर सुरू. १९९४ मध्ये कॅप्लन या क्लास चालवणाऱ्या कंपनीने आपले कर्मचारी परीक्षेला बसवले, त्यांनी प्रश्नच लक्षात ठेवून बाहेर आणले, आणि कंपनीने ते ईटीएसला दाखवून म्हटलं, बघा, तुमची परीक्षा किती सहज फुटते. ईटीएसने काही काळ परीक्षा आवरती घेतली आणि कंपनीवर खटला भरला. २००२ मध्ये तर चीन, तैवान आणि कोरियातल्या विद्यार्थ्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न वेबसाइटवर फिरताना सापडले, आणि तिथे कॉम्प्युटरवरची परीक्षा बंद करून पुन्हा कागद-पेन्सिल आणावी लागली.

मला या विद्यार्थ्यांचा राग येत नाही. फसवणूक ती फसवणूकच, पण त्यामागचं कौशल्य कुठलं होतं ते बघा. निरर्थक अक्षरगट पाठ करणारा १८८५चा एबिंगहाउस तिथे जिंकत होता. अर्थाच्या जागेला पुरेशा लोकांनी पुरेशी वर्षं आठवणीची जागा मानलं, तर ती आठवणीची जागा होऊन जाते.

ऑगस्ट २०११ मध्ये ईटीएसने विरुद्धार्थी आणि साम्य हे दोन्ही प्रकार काढून टाकले. वाक्याशिवाय शब्द विचारायचा नाही, असं ठरलं. राहिले ते दोन प्रकार. एकात उताऱ्यात एक, दोन किंवा तीन जागा. सगळ्या बरोबर आल्या तरच गुण, अर्धामुर्धा हिशेब नाही. दुसऱ्यात एकच जागा, सहा पर्याय, त्यातले दोन निवडायचे, असे की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकसारखा निघावा.

इंजिनिअर असल्यामुळे मी आधी तुक्क्याचा हिशेब केला. तीन जागा, प्रत्येकी तीन पर्याय: तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीसात एक. सहातून दोन: पंधरात एक. म्हणजे तुक्का मारणाऱ्याची वाट बरीचशी बंद केलीय. शिवाय सहा पर्यायांत एक लबाडी असते. समानार्थी शब्दांची एखादी देखणी जोडी असते आणि ती वाक्यात बसतच नाही. पाठांतर करून आलेला तिच्यावर लगेच भाळतो. आणि शब्दही असे निवडतात की यादीतला अर्थ उपयोगी पडू नये. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं हे आपल्याला माहीत. तिथे त्याचा अर्थ असतो आपल्याच विधानाला मर्यादा घालणं. 'चेक' म्हणजे तपासणं नव्हे, रोखणं. 'अरेस्ट'ला पोलीस लागत नाहीत, एखादी प्रक्रिया थांबली तरी 'अरेस्ट'.

बहिणीला मी फोन केला आणि मराठीतच एक वाक्य घातलं. 'समितीचा अहवाल ____ होता असं कोणी म्हणणार नाही. साध्या मुद्द्यालाही त्यात चार-चार पानं खर्ची पडली होती.' पर्याय: त्रोटक, पाल्हाळिक, पक्षपाती.

ती क्षणात म्हणाली, "पाल्हाळिक."

"परत वाच."

"चार-चार पानं... पाल्हाळिकच की रे. थांब. 'कोणी म्हणणार नाही.' अरे!" मग थोडा वेळ शांतता. "त्रोटक. पण दादा, हे तर मराठी आहे."

तेच तर म्हणत होतो. तीनही शब्द तिला येतात, भाषा घरची आहे, तरी चूक झाली, कारण तिने वाक्याचा सूर पकडला आणि वाक्य काय म्हणतंय ते सोडून दिलं. 'पानं खर्ची पडली' दिसल्याबरोबर लांबीशी नातं असलेला शब्द उचलला. मीही १४३ पाडले ते असेच. 'ऑल्दो', 'फार फ्रॉम', 'डिस्पाइट', एखादा अर्धविराम, एखादा विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम, यांच्यावरून माझी नजर घसरत जायची आणि मोठ्या जड शब्दावर जाऊन थांबायची. अपूर्णविराम आला की पुढचं वाक्य बहुतेक मागच्याचंच स्पष्टीकरण करतं, ही गोष्ट मला कोणत्याही फ्लॅशकार्डाने सांगितली नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नाआधी मी एकच सवय लावून घेतली. पर्यायांवर हात ठेवायचा. स्क्रीनवर अक्षरशः तळहात ठेवायचा. वाक्य वाचून जागेत आपला स्वतःचा साधा शब्द टाकायचा, मराठी असला तरी चालेल. 'हट्टी.' 'मोजकं बोलणारा.' 'नुसता दिखाऊ.' मग हात काढायचा आणि त्याच्या जवळचा शब्द शोधायचा. दोन शब्द अजिबात माहीत नसले तरी तिसरा बसत नाही एवढं कळलं की पुष्कळ होतं. तीन जागांच्या प्रश्नात पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायची असा नियम नाही. ज्या जागेला वाक्याने सर्वांत घट्ट बांधलंय ती आधी. दुसऱ्या वेळी १५४ आले. फार मोठा पराक्रम नव्हे. शब्द मात्र पहिल्या वेळेपेक्षा कमीच पाठ होते, बरेच विसरले होते.

हे सांगताना एक प्रामाणिक अडचण आहे. अर्थाची जागा म्हणून जिला मी डोक्यावर घेतोय, तीही पूर्ण निष्पाप नाही. १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने रिकाम्या जागांची दिशाच उलटी केली. त्याने उताऱ्यातला दर ठराविक शब्द, समजा दर पाचवा, डोळे झाकून गाळला आणि लोकांना भरायला दिला. किती जणांना मूळ शब्द साधला त्यावरून त्याने माणसाला गुण न देता उताऱ्याला दिले: हा मजकूर या वाचकांसाठी किती सुगम आहे? तेव्हाची सूत्रं शब्दांची आणि वाक्यांची लांबी वगैरे मोजून मजकूर सोपा की अवघड ते ठरवायची. गर्ट्रूड स्टाइनचं लेखन त्यांच्या मते सोपं, कारण शब्द छोटे. टेलरच्या रिकाम्या जागांनी मात्र ते अवघड असल्याचं बरोबर दाखवलं. त्याने या पद्धतीला 'क्लोझ' म्हटलं.

टेलरची गोष्ट वाचून मला पहिल्यांदा जाणवलं की एखाद्याला जागा भरता आली नाही, याचे दोन अर्थ होतात. वाचक कमी पडला, किंवा मजकूर त्याच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. परीक्षा पहिलाच अर्थ घेते. नाइलाज आहे, तिला माणसांनाच गुण द्यायचे असतात. पण अमेरिकन सिनेटवरच्या किंवा व्हिक्टोरियन कादंबरीवरच्या उताऱ्यात अडखळणाऱ्या मुलीला दुसरा अर्थही असतो हे कुणीतरी सांगायला हवं. ब्रिगमला ते कळायला सात वर्षं लागली होती.

आणि आता या गोष्टीचं सर्वांत ताजं टोक, जे माझ्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी शेरलॉक होम्सच्या कथांमधून १,०४० वाक्यं घेतली, प्रत्येकातला एक शब्द गाळला, पाच पर्याय दिले आणि कॉम्प्युटरला आव्हान दिलं. माणसं नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर येत होती. तेव्हाच्या पद्धतींना निम्मी गाठतानाही दम लागत होता. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, गूगलने बर्ट नावाचं मॉडेल आणलं. त्याला शिकवण्याची मुख्य रीत कुठली? प्रचंड मजकूर घ्यायचा, त्यातले पंधरा टक्के शब्द किंवा शब्दांचे तुकडे निवडून बहुतेक झाकायचे, आणि आजूबाजूचं बघून ओळख म्हणायचं. शोधनिबंधात टेलरच्या १९५३च्या लेखाचा उल्लेखही आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये महाबर्ट नावाचं मराठी मॉडेल बनवलं, त्यासाठी २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यं गोळा केली, आणि तेही असंच शिकलं. मराठीत रिकाम्या जागा भरत.

मॉडेलं ट्रेन करणं हे माझं रोजचं काम नाही, पण ती वापरणं आहे. पहिल्यांदा मी बर्टला आजोबांचं वाक्य घालून बघितलं, तेव्हा त्याने दिलेल्या पहिल्या पाच शब्दांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. त्याला कुणी यादी पाठ करायला दिली नव्हती. मला दिली होती.

काल रात्री बहिणीने पुन्हा तोच पहिला स्क्रीनशॉट पाठवला. या वेळी नऊच्या नऊ पर्याय तिने मोबाईलवर काळ्या पट्टीने झाकले होते आणि तीन जागांवर मराठीत लिहिलं होतं: 'वरवर', 'उलट', 'कंटाळवाणं'. खाली मेसेज: "दादा, दुसरी जागा आधी भरली. तिसरीबद्दल डाउट आहे. तू पट्टी काढू नकोस, आधी तुझा शब्द सांग."

मी वाक्य तीनदा वाचलं. मला 'कंटाळवाणं' पटत नव्हतं. मी 'तोच तो' लिहिलं आणि पाठवलं.